मोकळ्या मैदानात कुत्रा

पट्टा सोडून कुत्र्यांना धावता यावे म्हणून राखलेले कुंपणाचे मैदान म्हणजे डॉग पार्क. अमेरिकेत बर्कलीला असे मैदान १९७९ मध्ये, तर हैदराबादच्या कोंडापूरला २०१८ मध्ये सुरू झाले. उत्तर कर्नाटकातला मुधोळ हाउंड हा नजरेने सावज हेरून धावणारा कुत्रा. गल्लीतल्या साखळीवरच्या फेरीने त्याचे भागत नाही, त्याला असे मैदान हवे.

जाण्यापूर्वी : रेबीजची लस वेळेवर द्यावी. माजावर आलेली कुत्री घरीच ठेवावी.

दारात : बाहेरचे दार लागल्यावरच आतले उघडावे, मग पट्टा सोडावा.

आत : पुढचे पाय टेकवून मागचा भाग उंचावणे म्हणजे खेळाचे बोलावणे. शेपूट पोटाखाली गेली, तर कुत्रा घाबरलेला असतो. त्याला लगेच बाजूला न्यावे.

निघताना : विष्ठा उचलावी, पाणी पाजावे.