लेखांक ६ : सावलीचे नाव

घर सोडून निघालेल्या बालनायकांचा विचार करताना गेल्या लेखांकात असे म्हटले होते की, अद्भुत साहसकथेतील प्रवासाची लांबी निघालेला मुलगा आणि परतलेला मुलगा यांच्यातील अंतरावरून मोजावी लागते. त्या मापाने ज्या कादंबरीचा प्रवास फार लांबचा ठरतो, ती अर्सुला ले ग्विन यांची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे प्रसिद्ध झाली. प्रकाशकाने जाणत्या मुलांसाठी पुस्तक मागितले, तेव्हा लेखिकेच्या मनात एक साधाच प्रश्न उभा राहिला : गोष्टींतले जादूगार नेहमी पांढऱ्या दाढीचे वृद्ध असतात, पण तेही कधीकाळी पोरसवदा असतीलच ना, मग ही विद्या ते शिकले कोठे आणि कशी?

अर्थसी या द्वीपसमूहाच्या मुलखात विद्येचे मूळ नावात आहे. प्रत्येक वस्तूस आदिभाषेत एक खरे नाव असून, ते ज्यास ठाऊक त्याचा तिच्यावर अंमल चालतो. म्हणून माणसे आपले खरे नाव जिवापाड जपतात. गॉन्ट बेटावरच्या कासारकाम करणाऱ्या कारागिराच्या मुलाला तेराव्या वर्षी गुरू ओजियन ‘गेड’ हे नाव देतो, पण जग त्याला एका लहान ससाण्याच्या नावाने हाक मारते. राशीनाव पत्रिकेत ठेवून व्यवहारात दुसरे लावणाऱ्या आपल्या वाचकास यात नवल वाटू नये. लेखिकेच्या घरीही असल्या गुप्त नावाची ओळख होती : मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर हे त्यांचे वडील, आणि ‘याही’ नावाच्या जमातीतील अखेरच्या ज्या पुरुषाचे चरित्र त्यांच्या आईने १९६१ साली लिहिले, त्याने आपले खरे नाव शेवटपर्यंत सांगितले नाही, ‘इशी’ म्हणजे नुसता ‘माणूस’, आणि तेही क्रोबर यांनीच दिलेले.

रोक बेटावरील विद्यापीठात सहाध्यायी जास्परच्या टोमण्यांनी डिवचलेला गेड निव्वळ अहंकारापोटी मृतात्म्यास बोलावतो, आणि त्या फटीतून एक अनाम सावली जगात शिरते. ती फट बुजविताना वृद्ध कुलगुरू प्राणास मुकतो. गेडच्या चेहऱ्यावर जन्माचा व्रण राहतो. अपराध इतका उघड, की त्याची जबाबदारी ढकलावयास दुसरे कोणी नाही.

पुढे पेंडॉर बेटावरील वृद्ध अजगराशी, त्याचे नाव ओळखून, गेड तह करावयास जातो. अजगर एक सौदा पुढे करतो : सावलीचे नाव सांगतो, मला मोकळे सोड. स्वतःची सुटका हाताशी असतानाही गेड आपल्यावर विसंबलेल्या बेटवासीयांची सुरक्षितता मागून घेतो आणि रिकाम्या हातांनी परततो. माझ्या मते त्याच्या प्रौढत्वाची पहिली खूण रोकच्या पदवीपेक्षा या नकारात आहे.

तरीही तो सावलीपासून पळतच राहतो. अखेर ओजियन त्याला मागे वळून सावलीचाच पाठलाग करावयास सांगतो, आणि त्या क्षणी कथेची दिशा पालटते. शेवट सांगितल्याचा दोष पत्करून लिहितो : पूर्वेकडच्या अखेरच्या बेटापलीकडे, मित्र व्हेचच्या साक्षीने, गेड आणि सावली एकमेकांस एकाच वेळी हाक मारतात, आणि दोघांच्या तोंडून निघणारे नाव एकच असते : गेड.

येथे कोणाचे सैन्य हरत नाही, कोणास सिंहासन मिळत नाही. पण वाचणाऱ्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाकडूनही आयुष्यातील पहिली अशी चूक होते, जिची कैफियत आईवडिलांपुढेही मांडता येत नाही. त्या एकटेपणाला उपदेशावाचून सोबत करणारी पुस्तके थोडी, आणि हे त्यांतले एक.

गेडला नाव मिळाले. पुढच्या लेखांकात, ‘द टूम्स ऑफ अटुआन’ या उत्तरकथेतील त्या मुलीची गोष्ट पाहू, जिचे नाव धर्माच्या नावाखाली बालपणीच काढून घेतले गेले.