रेशनचा गहू, खानदेशचं ताट

जळगावचं मेहरूण बाहेरच्यांना ठाऊक असतं ते तलावामुळे आणि बोरांमुळे. पण तिथल्या कष्टकऱ्यांच्या घरात रात्रीची फोडणीची खिचडी शिजते, तिचा तांदूळ बहुधा रेशनचा असतो. घरात काय शिजणार हे ठरवण्यात चुलीपाशी बसणाऱ्या बाईइतकाच रेशनच्या दुकानाचाही वाटा आहे.

हे दुकान दुसऱ्या महायुद्धाच्या काळाचं अपत्य. ब्रिटनमध्ये 8 जानेवारी 1940 रोजी बेकन, लोणी आणि साखर मोजून मिळू लागली. लोणी माणशी आठवड्याला चार औंस, म्हणजे जेमतेम 113 ग्रॅम. रेशनची पुस्तिका राजघराण्यालाही चुकली नाही. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाचा बटाटे-गाजरांचा बिनमांसाचा ‘पाय’ (pie) घरोघरी पोचला, गृहिणींनी त्याला नावंही ठेवली.

इकडे 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिथून येणारा तांदूळ थांबला आणि मे 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग लागू झालं. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली. स्वातंत्र्यानंतर गांधीजींच्या आग्रहाने नियंत्रणं उठली, भाव भडकले आणि 1948 मध्ये ती पुन्हा आली. ब्रिटनने 4 जुलै 1954 रोजी मांसावरचं शेवटचं बंधन काढलं आणि पुस्तिका इतिहासजमा केल्या. आपल्याकडे रेशन मुक्कामालाच राहिलं.

मात्र त्याचं रूप पालटलं. तिकडची पुस्तिका सगळ्यांसाठी होती. महाराष्ट्रात 1999 पासून कार्डाला रंग आले. गरिबांना पिवळं, मधल्यांना केशरी, वरच्यांना पांढरं. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने पात्र माणसाला महिन्याला 5 किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला 35 किलो, असा हक्क लिहून दिला. जानेवारी 2023 पासून ते धान्य फुकट मिळतं.

फुकट असलं तरी सुखासुखी मिळत नाही. दुकानात आता ई-पॉस मशीन असतं. कापूस वेचून, भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या बाईचा अंगठा ते ओळखत नाही. ती बोट पदराला पुसते, पुन्हा टेकवते, मग दुसरं बोट लावून पाहते. मागची रांग चुळबुळते. पावती सरकली की वजनकाट्यावर धान्य आणि बाईची नजर काट्याच्या आकड्यावर.

खरी करामत घरी. खानदेशाचं मूळ धान्य ज्वारी. तिच्यात सालीसकट उडीद आणि खडेमीठ घालून दळलं की कळणा होतो. त्याची भाकरी, वर ठेचा, सोबत वांग्याचं भरीत. ज्वारीचेच बिबडे उन्हाळ्यात वाळतात. रेशनमधून मात्र वर्षानुवर्षं मुख्यतः गहू-तांदूळच आले. बायांनी त्यांनाही खानदेशी वळण लावलं. गहू जाडसर दळून, त्यात थोडा मका आणि ओवा घालून बट्ट्या वळायच्या, वाफवायच्या, चिरून तळायच्या आणि वरणात कुस्करायच्या. बारीक दळलेल्या गव्हाच्या पोळ्या रोजच्या डब्यात जातात.

प्रत्येक धान्य असं वळलं नाही. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला लाल मिलो रेशनमध्ये मिळायचा. तोही ज्वारीचाच भाऊबंद, पण भाकरी थापताना चिरफळायची, असं जुनी माणसं सांगतात. उकळत्या पाण्यात पीठ मळून कशीबशी जुळवायची आणि निमूट खायची. पोट भरलं, पण त्याची आठवण अजून कुणी कौतुकाने काढत नाही.

पोट भरण्याचं काम रेशनने केलं, आणि हे काम लहान नाही. पण किलोत मोजलं की सगळं धान्य सारखंच दिसतं, आणि शेजारच्या शिवारात पिकणारी ज्वारी ताटातून हळूहळू मागे सरते. कायद्याने भरड धान्याचीही सोय ठेवली होती. तेव्हा गव्हाचे दोन रुपये किलो होते, तर भरड धान्याचा एकच. म्हणजे अडचण कायद्याची नाही. खानदेशातली ज्वारी हमीभावाने घेऊन खानदेशातच वाटली, तर शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेल आणि कळण्यासाठी बाईला बाजारातली महाग ज्वारी घ्यावी लागणार नाही. किती द्यायचं हे सरकार गेली ऐंशी वर्षं ठरवत आलं आहे. काय खाता, हेही आता रांगेतल्या बाईला विचारायला हरकत नाही.