भाऊसाहेब निंबाळकर यांच्या ४४३ धावा : साधनांची चिकित्सा

दफ्तरें, बखरी आणि पोथ्या यांचा संग्रह करणाऱ्या मंडळींस क्रिकेटसारख्या परदेशी खेळाचा विषय या पृष्ठांवर पाहून प्रथम थोडें आश्चर्य वाटेल. परंतु विषय कोणताहि असो, त्याचीं साधनें कोणतीं, त्यांची योग्यता केवढी आणि त्यांवरून किती निष्कर्ष निघतो, हा विचार सर्वत्र सारखाच असतो. ज्यांच्याविषयीं एकच संख्या सर्वांस पाठ आहे आणि बाकीचें चरित्र बहुतेकांस अज्ञात आहे, अशा एका मराठी खेळाडूची हकीकत आम्ही या दृष्टीनें येथें मांडीत आहों.

(१) नांव आणि आद्याक्षरें

भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर यांचा जन्म १२ डिसेंबर १९१९ रोजीं कोल्हापूर येथें झाला, आणि ९३ वर्षें पूर्ण होण्यास एक दिवस उरला असतां ११ डिसेंबर २०१२ रोजीं ते कोल्हापुरासच वारले. गुणपत्रकांत त्यांचें नांव ‘बी. बी. निंबाळकर’ असें येतें. त्यांचे थोरले बंधु रावसाहेब हेहि प्रथम श्रेणीचे खेळाडू होते; ते यष्टिरक्षक असून १९४६ सालीं इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या हिंदी संघांत होते. त्यांचें नांव ‘आर. बी. निंबाळकर’ असें आढळतें. वडिलांचें नांव एक आणि आडनांव एक, यामुळें केवळ पहिल्या अक्षरावरून दोघांचा विवेक करावा लागतो. कागदपत्रांतील एकाच नांवाच्या दोन पुरुषांचा घोटाळा किती अनर्थ करतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तेव्हां जुन्या वृत्तपत्रांत नुसतें ‘निंबाळकर’ आढळल्यास संघ आणि साल पाहिल्यावांचून निर्णय करूं नये.

(२) गुणपत्रक काय सांगतें

१९४८-४९ च्या हंगामांत रणजी करंडकाच्या स्पर्धेंत महाराष्ट्र व काठेवाड या संघांचा सामना पुणें येथें १६ डिसेंबर १९४८ पासून झाला. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत संपला. उत्तरादाखल महाराष्ट्रानें ४ गडी बाद ८२६ धावा केल्या. त्यांत निंबाळकर ४४३ धावा करून नाबाद राहिले. कमल भांडारकर यांनीं २०५ धावा केल्या, आणि या दोघांनीं दुसऱ्या गड्यासाठीं ४५५ धावांची भागी केली. ती त्या गड्यासाठीं जगांतील सर्वांत मोठी होती. १९७४ सालीं इंग्लंडांत जेमसन व कन्हाय यांनीं ४६५ धावा जोडीपर्यंत ती तशीच राहिली.

निंबाळकरांची खेळी ४९४ मिनिटांची होती. तींत ४९ चौकार आणि एक षटकार आहे. गणित केल्यास चौकारांच्या १९६ आणि षटकाराच्या ६ मिळून २०२ धावा होतात. उरलेल्या २४१ धावा पळून काढलेल्या आहेत. म्हणजे अर्ध्याहून अधिक खेळी पायांनीं केलेली आहे. ‘गोलंदाजी दुबळी होती, म्हणून चेंडू सीमेपार धाडले’ असें जें ऐकूं येतें, त्यास ही बेरीज पुरतें उत्तर देते. सवाआठ तास पळत राहणें हें दुबळ्या गोलंदाजीसमोरहि सोपें नसतें. मात्र दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. त्याच हंगामांत, मार्च १९४९ मध्यें, पुण्यासच मुंबई व महाराष्ट्र यांचा सामना झाला, आणि त्यांत दोन्ही संघांच्या चार डावांत मिळून २३७६ धावा झाल्या. तेव्हां पुण्याची खेळपट्टी त्या काळीं फलंदाजांस अनुकूल होती, हें मान्य करणें प्राप्त आहे. साधनचिकित्सा नायकास अनुकूल असेल तेवढीच करावी, असा नियम नाहीं.

त्यापूर्वीं रणजी करंडकांतील सर्वांत मोठी खेळी विजय मर्चंट यांची होती. ती १९४३-४४ सालीं महाराष्ट्राविरुद्ध केलेली नाबाद ३५९ धावांची. जगांत ब्रॅडमन यांच्या १९३० सालच्या नाबाद ४५२ धावा तेवढ्या पुढें होत्या. पुढें १९५९ सालीं हनीफ महंमद यांनीं ४९९ आणि १९९४ सालीं ब्रायन लारा यांनीं नाबाद ५०१ धावा केल्या. म्हणून आज ही खेळी चौथ्या स्थानीं आहे. तथापि प्रथम श्रेणीच्या सामन्यांत चारशेंचा टप्पा ओलांडणारा भारतीय फलंदाज अद्याप हा एकच.

(३) आख्यायिका काय सांगते

ब्रॅडमन यांचा विक्रम नऊ धावांवर आला असतां तिसऱ्या दिवशीं मध्यंतर झालें, आणि काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब यांनीं पुढें खेळण्यास नकार देऊन सामना सोडला. सामना सोडल्याची गोष्ट निर्विवाद आहे. महाराष्ट्राचा डाव ८२६ वर थांबला तो यामुळेंच. आपल्या संघाचें नांव अशा विक्रमाशीं जोडलें जाऊं नये, म्हणून त्यांनीं तसें केलें असें सांगतात. मध्यंतरांत कोण काय बोललें, पाहुण्यांनीं सामान कधीं बांधलें आणि स्थानकाची वाट कशी धरली, याच्या हकीकती निरनिराळ्या तपशिलांनीं सांगितल्या जातात. ब्रॅडमन यांनीं निंबाळकरांस पत्र पाठवून त्यांची खेळी आपल्याहून सरस ठरविली, असेंहि सांगण्यांत येतें.

येथें नैयायिकांचा भेद उपयोगी पडतो. त्या दिवशीं चेंडूगणिक टिपलेली नोंद ही प्रत्यक्षाच्या जवळची; पळून काढलेल्या धावांची बेरीज हें अनुमान; आणि मध्यंतरांतील संभाषण हें शब्दप्रमाण, तेंहि सांगणारा आप्त असेल तरच. गुणपत्रक भाषणें नोंदवीत नाहीं. कैलासवासी राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ प्रसिद्ध करूं लागून बखर आणि अस्सल पत्र यांतील जें अंतर महाराष्ट्रास शिकविलें, तेंच येथें लागू आहे. बखर टाकून द्यावयाची नसते. तिच्या जागीं तिला बसवावयाचें असतें.

(४) चरित्राचा उरलेला भाग

प्रथम श्रेणीच्या ८० सामन्यांत निंबाळकरांनीं ४७.९३ च्या सरासरीनें ४८४१ धावा केल्या, शतकें १२. ते एका खेळीचेच धनी होते काय, हें पाहण्याचा सोपा उपाय म्हणजे ती खेळी वजा करणें. तसें केल्यास ४३९८ धावा उरतात आणि सरासरी ४३.५४ येते. म्हणजे ४४३ हा काकतालीय न्याय नव्हता. १९५२-५३ सालीं रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यांत होळकर संघाकडून बंगालविरुद्ध त्यांनीं २१९ धावा केल्या, आणि करंडक होळकर संघानें जिंकला.

असें असतां ते एकहि अधिकृत कसोटी सामना खेळले नाहींत. हें शल्य तारखा ताडून पाहिल्यावर अधिकच बोचतें. त्या वेळीं वेस्ट इंडीजचा संघ याच देशांत होता. दुसरा कसोटी सामना मुंबईस १३ डिसेंबरास संपला. तिसरा कलकत्त्यास ३१ डिसेंबरास सुरू झाला. ४४३ धावांची खेळी बरोबर या दोहोंच्या मध्यें पडते. पुढें १९४९-५० मध्यें राष्ट्रकुल संघाविरुद्ध एक अनधिकृत कसोटी सामना तेवढा त्यांच्या वांट्यास आला. सन २००२ चा सी. के. नायडू पुरस्कार त्यांस मिळाला, तेव्हां त्यांचें वय ऐंशीच्या पुढें गेलें होतें.

ज्या संघांकडून ते खेळले त्यांची यादी संस्थानांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनीं मुद्दाम पाहावी : बडोदें, महाराष्ट्र, होळकर, मध्यभारत, राजस्थान, रेल्वे. होळकर संस्थान १९४८ सालीं मध्यभारतांत विलीन झालें, तरी त्या नांवाचा संघ १९५४-५५ पर्यंत खेळत होता. उलट ‘महाराष्ट्र’ हा संघ त्या नांवाचें राज्य १९६० सालीं होण्याच्या कितीतरी आधींचा. ज्या काठेवाड संघानें आपलें नांव जपण्यासाठीं सामना सोडला, त्याचें नांव तर लौकरच पालटून सौराष्ट्र झालें. आज तें मुख्यतः याच सामन्यामुळें स्मरणांत आहे.

(५) संग्राहकांस विनंती

आम्ही दीपनगरास राहतों. येथून भुसावळ जवळ. रेल्वेच्या गांवीं खेळाची आवड जुनी असते. जळगांव व धुळें हे दोन्ही जिल्हे क्रिकेटच्या कारभारांत पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडेच येतात. राजवाडे धुळ्यासच १९२६ सालीं निवर्तले, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ तेथें उभें राहिलें. ज्या प्रांतानें त्यांचीं दफ्तरें सांभाळलीं, त्यानें शाळांच्या, क्लबांच्या आणि रेल्वे इन्स्टिट्यूटांच्या गुणवह्या रद्दीत जाऊं देऊं नयेत. चेंडूगणिक भरलेली वही हें हस्तलिखितच होय. तिला एकच प्रत असते, शाई फिकी होते, आणि कसर तिलाहि लागते. मोठ्या सामन्यांचें गुणपत्रक छापलें जातें म्हणून टिकतें. लहान गांवच्या खेळाडूचें चरित्र मात्र त्या एका वहीबरोबर नाहींसें होतें, आणि मागें केवळ आख्यायिका उरते.

ज्यांच्या संग्रहीं अशा वह्या असतील त्यांनीं त्यांवर सामन्याचें स्थळ, तारीख आणि दोन्ही संघांचीं नांवें प्रथम नोंदवावीं; खेळाडूंचीं पूर्ण नांवें जाणत्या वृद्धांकडून विचारून समासांत निराळ्या शाईनें लिहावीं, मूळ अक्षरांवर मात्र लेखणी चालवूं नये; आणि दोरा सुटला असल्यास पानांचा क्रम पालटण्यापूर्वीं पृष्ठांक घालावे.