देवावर भार, हात कामाला

संकट आलं की म्हातारी माणसं सांगतात, 'देवावर भार टाक.' म्हणजे नेमकं काय करायचं, ते आज बोलू या.

आम्ही मीरा रोडच्या बाया. ११ जुलै २००६, मंगळवारची संध्याकाळ आमच्याकडं कुणी विसरलेलं नाही. चर्चगेटहून निघालेल्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यांतला एक मीरा रोड आणि भाईंदरच्या मध्ये. सगळे मिळून १८० हून जास्त जीव गेले. त्या वेळी रुळांकाठच्या वस्त्यांतली माणसं धावली. घरातल्या चादरींची झोळी करून त्यांनी जखमींना उचललं. जात-धर्म विचारत कुणी बसलं नाही.

'देवानं असं का होऊ दिलं?' याचं उत्तर आमच्याजवळ नाही. पण त्याची मदत माणसाच्या हातानं येते, हे तेव्हा कळलं.

तुकोबांचंच बघा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको आणि मुलगा गेला, दुकान बुडालं. तरी विठोबा सुटला नाही. लोकांकडून येणं असलेल्या कर्जाची आपल्या वाट्याची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं सांगतात. सगळ्याचा धनी देव, असं एकदा मानलं की दुसऱ्याच्या गळ्यातला फास आपण कसा आवळणार?

म्हणून गटातल्या एखादीचा नवरा गेला, तर 'तुझ्या नशिबातच होतं' असं म्हणू नका. तिला रडू द्या, जवळ बसा, भाकरी न्या. देवाला बोल लावला तरी ऐकून घ्या, देव काही रागावत नाही. मग कागदांकडं बघा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, ग्रामपंचायतीत तिच्यासोबत जा. घरची गरिबी असेल तर संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसील कचेरीत अर्ज करता येतो. आणि बचत गटाचा तिचा हप्ता थोडा पुढं ढकलायचा का, हे बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवा.

आणि संकट आपल्यावरच आलं तर? संध्याकाळी दिवा लावा, जे आपल्या हातात नाही ते देवाला सांगा. सकाळी मात्र शेजारणीचं दार वाजवायला लाजू नका. देवानं धाडलेली मदत कदाचित त्याच दाराआड असेल.