पत्ता कॅम्प-१, सर्व्हर पनवेल

मायक्रोसॉफ्टच्या लेखी मध्य भारत म्हणजे पुणे. थट्टा नाही. २०१५ साली कंपनीने भारतात क्लाउडची तीन केंद्रं सुरू केली, तेव्हा मुंबईला नाव दिलं ‘वेस्ट इंडिया’, चेन्नईला ‘साउथ इंडिया’ आणि पुण्याला ‘सेंट्रल इंडिया’. पुणेकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. पण छत्तीसगडमधल्या भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये, म्हणजे खऱ्याखुऱ्या मध्य भारतात राहणाऱ्या एखाद्या मराठी काकूंनी चकली-अनारशांच्या ऑर्डरी घ्यायला वेबसाइट काढायचं ठरवलं, तर पहिला प्रश्न हाच: आपण इथे, पण साइट राहणार कुठे?

होस्टिंगवाल्याला हे सरळ विचारायचं. ‘क्लाउडमध्ये’ हे उत्तर नव्हे, गावाचं नाव हवं. भारतातल्या साइटींसाठी ते नाव बरेचदा मुंबई किंवा नवी मुंबई निघतं. अॅमेझॉनने २०१६ मध्ये, गूगलने २०१७ मध्ये आपलं भारतातलं पहिलं क्लाउड-केंद्र मुंबईतच थाटलं. पनवेलला योट्टाचं अजस्र डेटा सेंटर २०२० मध्ये, ऐन कोविडात, सुरू झालं. नाशिकही या धंद्यात जुनं आहे: पीयूष सोमाणींची ईएसडीएस २००५ पासून तिथलीच, सातपूर एमआयडीसीतली. आणि आता छत्तीसगडही मागे नाही. मे २०२५ मध्ये नवा रायपूरला मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांच्या हस्ते रॅकबँक या इंदूरच्या कंपनीच्या डेटा सेंटर पार्कचं भूमिपूजन झालं.

प्रकाशालाही वेळ लागतो

गाव विचारायचं कारण अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. दुर्ग-भिलाईपासून मुंबई रेल्वेने सुमारे अकराशे किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन अकरा मिलिसेकंद. हाच सर्व्हर अमेरिकेतल्या व्हर्जिनियात असेल तर नुसत्या अंतराचेच सव्वाशेच्या पुढे, आणि प्रत्यक्षात दोनशेहून जास्त. डोळ्याची पापणी लवायला साधारण तेवढाच वेळ लागतो, मग बिघडलं कुठे? बिघडतं असं, की पान उघडायला ब्राउझर एक फेरी मारून थांबत नाही. आधी पत्ता विचारणार, मग जोडणी करणार, मग कुलूप-किल्लीची देवघेव, आणि त्यानंतर पानाची मागणी. चार-पाच फेऱ्यांत एक सेकंद गेला, आणि अनारशांचा फोटो अजून यायचाच आहे.

जाता जाता: रेलटेल ही सरकारी कंपनी २००० साली निघाली ती रेल्वेच्या कडेने ऑप्टिकल फायबर टाकण्यासाठी. देशातल्या रेल्वेचे रूळ मुख्यतः भिलाईच्या पोलाद कारखान्यातले. इथल्या पॉवर हाऊस स्टेशनावरून जाणाऱ्या मुंबई–हावडा लाइनवर रूळ आपले आणि शेजारून धावणारा डेटाही आपला, असं व्हायला काहीच हरकत नाही.

नव्व्याण्णवच्या पुढचे नऊ

‘अपटाइम ९९.९ टक्के’ असं प्रत्येक जाहिरातीत ठळक अक्षरांत असतं. ऐकायला पहिल्या नंबरासारखं वाटतं. वर्षाचे तास ८,७६०, त्यातला ०.१ टक्का म्हणजे पावणेनऊ तास साइट बंद राहिली तरी कंपनीचा शब्द खरा. नुसते ९९ टक्के असतील तर साडेतीन दिवसांहून जास्त. ९९.९९ म्हटलं की वर्षाला सुमारे ५३ मिनिटं. ते पावणेनऊ तास दिवाळीच्या आधीच्या रविवारी येणार नाहीत, असं कुठेही लिहिलेलं नसतं.

लिहिलेलं असतं ते निराळंच. ठरवून केलेली दुरुस्ती या हिशोबात धरत नाहीत. भिलाईकरांना हे चटकन कळेल. १९५९ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पोलाद कारखान्याच्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन केलं, तेव्हापासून इथे तीन शिफ्टमध्ये भट्टी पेटती ठेवायची सवय आहे. आणि ‘कॅपिटल रिपेअर’साठी भट्टी बंद झाली तर त्याला कुणी बिघाड म्हणत नाही. होस्टिंगवालेही तसंच म्हणतात, फरक एवढाच की त्यांचं कॅपिटल रिपेअर कधी आहे ते आपल्याला आधी कळेलच असं नाही. भरपाई मिळते ती बहुधा भाड्यात सूट म्हणून. महिन्याला शंभर रुपये भाडं असेल तर त्यातले काही रुपये. गेलेल्या ऑर्डरी आपल्या आपण मोजायच्या.

टक्क्यांचा विषय निघालाच आहे म्हणून: महाराष्ट्र बोर्डाचा २०२१ चा दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. १६ जुलैला दुपारी एक वाजता तो पाहायला सगळे तुटून पडले आणि निकालाच्या साइटी कोसळल्या, तासन् तास उघडेनात. विद्यार्थी जवळजवळ सगळे पास, सर्व्हर मात्र नापास. तेव्हा होस्टिंगवाल्याला दुसरा प्रश्न: एकाच वेळी खूप जण आले तर काय होईल? साइट मंद होईल, बंद पडेल, की जास्तीचं बिल येईल? तिन्ही उत्तरं चालतील, पण आधी कळायला हवीत.

अनलिमिटेड, पण

स्वस्त होस्टिंगवर ‘अनलिमिटेड स्पेस’ असतं. जागा खरंच मोजत नसतील, फाइली मोजतात. अटींच्या तळाशी ‘आयनोड’ नावाचा आकडा सापडतो, तो म्हणजे किती फाइली ठेवता येतील याची हद्द. त्याच होस्टिंगवर ईमेल ठेवलात तर बहुतेक ठिकाणी प्रत्येक पत्र एक फाइल. वर्डप्रेसमध्ये चकलीचा एक फोटो चढवा, तो स्वतःहून त्याच्या लहान-मोठ्या कितीतरी प्रती करून ठेवतो. जागा रिकामी आणि तरी गच्च, हा चमत्कार तिथे घडतो.

दुसरा चमत्कार किमतीचा. समजा, जाहिरातीत दर आहे महिना ९९ रुपये, पण चार वर्षांचे एकदम भरलेत तरच. म्हणजे ४,७५२ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ५,६०७. पुढे रिन्यूअलचा दर महिना ३९९ झाला, की एका वर्षाचेच जीएसटीसह ५,६५० होतात. आधीच्या चार वर्षांहून पाचवं एकटं महाग. रिन्यूअलचा दर पानावर असतोच, फक्त भिंग घेऊन बसावं लागतं.

एसएसएलचे, म्हणजे पत्त्याशेजारच्या कुलपाचे, वेगळे पैसे मागणाऱ्याला मात्र हसून नमस्कार करावा. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था २०१५ पासून ते फुकट देते आणि साध्या साइटीला तेवढं पुरतं.

चार दुकानं, एक गल्ला

मुंबईच्या भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी १९९८ मध्ये, विशीही ओलांडलेली नसताना, डिरेक्टी काढली. बिगरॉक आणि रिसेलरक्लब ही तिचीच अपत्यं. २०१४ मध्ये हा कारभार एंड्युरन्स या अमेरिकन समूहाने घेतला. त्याच्याकडे ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर आधीच होते. म्हणजे चार नावांचे दर वहीत मांडून तासभर तुलना करणारा ग्राहक एकाच मालकाच्या चार काउंटरवर उभा होता.

यात गंमत कमी, धोका जास्त. २ ऑगस्ट २०१३ रोजी अमेरिकेत युटातल्या प्रोव्हो इथल्या एका डेटा सेंटरमध्ये बिघाड झाला आणि ब्लूहोस्ट, होस्टगेटर, होस्टमॉन्स्टर, जस्टहोस्ट चौघेही एकदम झोपले. एकीकडे साइट आणि दुसरीकडे ‘सुरक्षिततेसाठी’ बॅकअप ठेवणाऱ्याने दोन्हींचा मालक आणि दोन्हींची इमारत एकच तर नाही ना, हे पाहायला हवं.

राख आणि बॅकअप

इथे जरा थांबू, कारण होस्टिंगच्या धंद्यातली सगळ्यात चटकदार आणि सगळ्यात महागडी गोष्ट इथे आहे. १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या युरोपातल्या बड्या कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळून खाक झालं. शेजारच्या इमारतीचाही काही भाग गेला. जीवितहानी झाली नाही, पण लाखो साइटी बंद पडल्या. कंपनीचे संस्थापक ऑक्टाव्ह क्लाबा यांनी ग्राहकांना जाहीरपणे सांगितलं, की आपापली आपत्कालीन योजना सुरू करा. कित्येकांना तेव्हा कळलं की अशी योजना आपण करायची असते. काहींनी तर बॅकअपचे पैसे वेगळे भरले होते, पण तो बॅकअप त्याच आवारात होता. असाच एक ग्राहक कोर्टात गेला आणि २०२३ मध्ये लीलच्या व्यापारी न्यायालयाने कंपनीला एक लाख युरोहून जास्त भरपाई द्यायला लावली.

परदेशी खाजगी कंपनी म्हणून सोडून द्यायचं? मग सरकार घ्या, तेही दक्षिण कोरियाचं, जिथलं इंटरनेट जगात नावाजलेलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियमच्या बॅटऱ्या हलवताना आग लागली. ७०९ सरकारी यंत्रणा बंद पडल्या. कर्मचाऱ्यांच्या फाइली ठेवायची ‘जी-ड्राइव्ह’ कायमची गेली, ८५८ टेराबाइट डेटा. बॅकअप का नव्हता? म्हणे, एवढ्या मोठ्या साठ्याचा बॅकअप ठेवणं अवघड होतं.

बॅकअप नुसता असूनही भागत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीच्या इंजिनिअरने चुकून खरा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या. एकही धड चालेना. शेवटी सहा तासांपूर्वीची एक प्रत हाती लागली म्हणून निभावलं. कंपनीचं कौतुक एवढंच, की दुरुस्तीचं काम तिने यूट्यूबवर सगळ्यांसमोर केलं.

म्हणून पैसे भरण्याआधी विचारायचं: बॅकअप रोज होतो का, कुठल्या गावात राहतो, आणि परत मिळवायचे वेगळे पैसे पडतात का. या तिसऱ्या प्रश्नावर बरेच सेल्समन घसा खाकरतात. आणि उत्तर कितीही गोड आलं, तरी महिन्यातून एकदा सगळी साइट घरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी. काकूंची साइट टेराबाइटची नसते, एका पेनड्राइव्हवर मावते.

सातबारा कुणाच्या नावावर?

साइट गेली तर पुन्हा बांधता येते. डोमेन गेलं तर पाटीच गेली. होस्टिंग आणि डोमेन दोन निराळ्या वस्तू आहेत आणि त्या निराळ्या ठिकाणी ठेवण्यात शहाणपण आहे. नेट४इंडिया ही आपल्याकडची एकेकाळची मातब्बर कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढे लोकांना डोमेन रिन्यू करता येईना, दुसरीकडे नेता येईना, आणि फोन उचलायला कुणी नाही. २०२१ मध्ये डोमेनांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅनने तिची मान्यता काढली आणि तिच्याकडची डोमेनं पब्लिक डोमेन रजिस्ट्रीकडे सोपवली, जी मुळात त्याच तुराखियांच्या घरातली.

सगळ्यात नेहमीचा घोटाळा मात्र कंपनी बुडण्याचा नसतो. साइट बनवणारा पोरगा डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतो आणि दोन वर्षांनी बंगळुरूला नोकरीला जातो. रजिस्ट्रंट म्हणून नाव, मोबाइल, ईमेल मालकाचं असलं पाहिजे. दुसरीकडे हलवायला लागणारा ऑथ कोड मागितला की मिळाला पाहिजे.

देवनागरीत पत्ता हवा असेल तर तोही मिळतो. ‘.भारत’ ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं, मराठीसकट. फक्त यंत्राला देवनागरी कळत नाही म्हणून आत त्याचं रूप होतं ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’. व्हिजिटिंग कार्डावर हे छापू नये.

फोन आणि कालनिर्णय

सपोर्ट तपासायची एक सोपी युक्ती: विकत घेण्याआधी रात्री अकराला ‘सर्व्हर नेमका कुठे आहे’ हा प्रश्न पाठवायचा. सेल्सवाले दोन मिनिटांत धावून येतात, म्हणून प्रश्न तांत्रिक मदतीच्या खिडकीतून विचारायचा. मिळालेलं उत्तर माणसाचं आहे की ठरावीक मजकूर, ते तिथल्या तिथे दिसतं.

राहिली रिन्यूअलची तारीख. १९९९ च्या नाताळात खुद्द मायक्रोसॉफ्ट हॉटमेलचं लॉगइन ज्यावर चालायचं त्या पासपोर्ट डॉट कॉमचे पैसे भरायला विसरली आणि हॉटमेलची दारं बंद झाली. मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रामरने, तोही लिनक्सवाला, स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरून ती उघडली. २०१५ मध्ये कच्छमधल्या मांडवीच्या सन्मय वेदला गूगल डॉट कॉम चक्क विक्रीला दिसलं. बारा डॉलर भरून तो मिनिटभर त्याचा मालक झाला. गूगलने त्याला बक्षीस दिलं ६,००६.१३ डॉलर, आकड्यांतून गूगलचं नाव वाचता यावं म्हणून. त्याने ते दान करायचं ठरवलं, तेव्हा रक्कम दुप्पट केली. आपलं डोमेन सुटलं तर मिनिटभराने परत करणारा सन्मय भेटेलच असं नाही. मुदत संपल्यावर काही दिवसांची सवलत असते, पण त्यानंतर सोडवून घ्यायचा दंड मूळ किमतीच्या कितीतरी पट. तारीख कालनिर्णयवर, सिलेंडर लावल्याच्या नोंदीशेजारी लिहायची, आणि कॅलेंडर बदललं की सगळ्यात आधी ती नव्यावर उतरवायची.