तीन मुलं धडधाकट, मग चौथं आजारी?

आई-बाप दोघेही सिकलसेलचे वाहक असले की समुपदेशक सांगतात, मूल आजारी होण्याची शक्यता 25 टक्के, म्हणजे चारात एक. आकडा बरोबर आहे. पण दवाखान्यातून घरी पोचेपर्यंत त्याचे भलतेच अर्थ होतात. कुणी म्हणतं, चार झाली की एक आजारी निघणारच. कुणी म्हणतं, पहिलंच आजारी निघालं ना, मग पुढची तीन सुटली. आणि ज्या घरी तीन मुलं निरोगी खेळताहेत, तिथे सून चौथ्यांदा गरोदर राहिली की सासूच्या पोटात गोळा येतो.

तिन्ही समज चुकीचे आहेत आणि तिन्हींचं मूळ एकच आहे. शक्यता म्हणजे ठरलेला वाटा, तो आज ना उद्या वसूल होणारच, असं आपण धरून चालतो.

नंदुरबार जिल्ह्यात हा हिशेब पुस्तकी नाही. 2011 च्या जनगणनेनुसार इथली सुमारे 69 टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, आणि भिल्ल, पावरा, गावित अशा समाजांत सिकलसेलचं जनुक बरंच पसरलेलं आहे. ते कुणाच्या पापाचं फळ नव्हे. वाहकाला मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 साली पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवून दिलं. जिथे मलेरियाने पिढ्यान्‌पिढ्या माणसं मारली, तिथे हे जनुक टिकून राहिलं.

आता तो 25 चा आकडा येतो कुठून? हिमोग्लोबिनच्या या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात. वाहकाकडे एक नेहमीची, तिला ‘ए’ म्हणतात, आणि एक सिकलची, म्हणजे ‘एस’. मूल राहताना आई आपल्या दोनपैकी एक देते, बाप एक देतो. जणू दोघं एकेक नाणं उडवतात. दोन्ही नाणी ‘एस’ पडली तरच मूल एसएस, म्हणजे रुग्ण. तसं होण्याची शक्यता निम्म्याची निम्मी, चारात एक. पुढच्या खेपेला नाणी पुन्हा उडवायची, आणि मागच्या डावात काय पडलं होतं ते नाण्याला ठाऊक नसतं. तीन निरोगी मुलांनंतरही चौथ्याची शक्यता 25 टक्केच, आणि तीन आजारी मुलांनंतरही तेवढीच.

मग चार मुलांच्या घरात नेमकं काय दिसेल? दोघेही वाहक असलेली, प्रत्येकी चार मुलं असलेली शंभर जोडपी घ्या. गणित सांगतं, साधारण 32 घरांत एकही मूल आजारी नसेल. 42 घरांत बरोबर एक असेल. उरलेल्या 26 घरांत दोन किंवा त्याहून जास्त असतील. म्हणजे ‘चारात एक’ हे वाक्य तंतोतंत खरं ठरलेली घरं निम्मीसुद्धा नाहीत! त्या 26 घरांतली आई ‘डॉक्टर खोटं बोलले’ म्हणाली तर तिला दोष देववत नाही. तिला शक्यता सांगितली गेली, पण ती दरवेळी नव्याने लागू होते हे बहुधा कुणी सांगितलंच नाही.

टक्क्यांचा आणखी एक घोळ आहे. ‘25 टक्के सिकल’ म्हणजे मूल पाव आजारी, आणि वाहक म्हणजे अर्धा रुग्ण, असंही मानलं जातं. तसं नाही. टक्के आजाराच्या जोराचे नसून तो होण्याच्या शक्यतेचे आहेत. एसएस मूल पूर्ण रुग्ण असतं, त्याला सांधेदुखीचे असह्य झटके येतात, रक्त कमी पडतं. एएस माणूस एरवी उसाच्या तोडीला जातो, पोरं वाढवतो, त्याला बहुधा काहीच होत नाही. मुलगी वाहक निघाली म्हणून सोयरीक मोडणं हा शुद्ध अन्याय आहे. नवरा एए असेल तर त्यांच्या पोटी एसएस मूल होण्याची शक्यता शून्य.

‘आम्ही कुळ टाळूनच लग्न करतो, आम्हाला कसला धोका?’ हा प्रश्नही नेहमीचा. एखाद्या समाजात शंभरातले 20 जण वाहक आहेत असं समजा. मग नात्यागोत्याचा काही संबंध नसलेल्या जोडप्यांतही 25 मागे एका जोडप्यात दोघेही वाहक असतील.

रुग्णाच्या निरोगी भावंडाचं गणित तर शिकलेल्यांनाही चकवतं. आई-बाप दोघेही वाहक असताना तो वाहक असण्याची शक्यता किती? बहुतेक जण निम्मी म्हणतात. पण तो रुग्ण नाही हे आधीच कळलेलं आहे. चारपैकी एक वाट बाद झाली, उरलेल्या तिनांपैकी दोन वाटा वाहकाच्या. म्हणून उत्तर तिनात दोन. लग्नाआधी तपासणीला पहिल्यांदा कुणाला न्यायचं, हे यावरून ठरवावं.

तपासणीबद्दलही एक सांगायला हवं. गावात होते ती सोल्युबिलिटी टेस्ट. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात आणि नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. हे पॉझिटिव्ह ऐकून लोक हादरतात. पण ही चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करूच शकत नाही, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तिच्यावर विसंबता येत नाही. फरक कळतो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्यावर. निगेटिव्ह आलेला माणूसही थॅलेसेमियाचा वाहक असू शकतो, आणि त्याचा जोडीदार एएस असेल तर मुलाला आजार होऊ शकतो. एचपीएलसीत सहसा तेही कळतं, त्यामुळे सोयरीक जुळवताना दोघांचेही एचपीएलसीचे रिपोर्ट मागावेत. दोघेही वाहक असून दिवस राहिलेच असतील, तर साधारण दहा ते बारा आठवड्यांदरम्यान वारेच्या पेशी तपासून बाळ एए, एएस की एसएस हे कळू शकतं. ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांत आहे, म्हणून डॉक्टरांना दुसऱ्या महिन्यातच विचारलेलं बरं.