तोंड नाही, पोट नाही. तरीही दोन मीटर वाढणारा हा किडा जगतो कसा?

समुद्राखाली अडीच किलोमीटर. सूर्याचा एक किरणही तिथे पोहोचत नाही. १९७७ मध्ये 'ॲल्विन' ही पाणबुडी गॅलापागोस बेटांजवळ या अंधारात उतरली, ती समुद्रतळावरचे गरम पाण्याचे झरे शोधायला. झरे सापडले. पण त्यांच्याभोवती पांढऱ्या नळ्यांत राहणारे, लालभडक तुऱ्यांचे किडेही दिसले!

मोहिमेत भूशास्त्रज्ञ होते, जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता. इथे जीव सापडतील असं कुणाला वाटलंच नव्हतं. त्यामुळे काही नमुने चक्क व्होडकात ठेवावे लागले.

मग हा खातो काय?

या किड्याचं नाव जायंट ट्यूबवर्म. लांबी दोन मीटरपर्यंत. पण पूर्ण वाढ झालेल्या किड्याला ना तोंड असतं, ना आतडं.

कोडं सुटलं १९८० मध्ये, हार्वर्डमधल्या एका व्याख्यानात. किड्याच्या शरीरात गंधकाचे स्फटिक आढळल्याचं मेरेडिथ जोन्स सांगत होते. कोलीन कॅव्हनॉ ही विद्यार्थिनी उठून म्हणाली, म्हणजे आत गंधकावर जगणारे जिवाणू असणार! १९८१ मध्ये तिचा शोधनिबंध 'सायन्स'मध्ये आला. अंदाज बरोबर निघाला होता.

भागीदारी चालते कशी?

झऱ्यातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. सडलेल्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू आपल्यासाठी विषारी. किडा मात्र तुऱ्याने तो शोषतो. त्याचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन आणि सल्फाइड एकाच वेळी, पण वेगवेगळ्या जागी वाहून नेतं. एकाच टँकरमध्ये दोन कप्पे असावेत तसं. हा माल पोहोचतो जिवाणूंपर्यंत. त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ते कार्बन डायऑक्साइडपासून अन्न बनवतात. यालाच म्हणतात रसायनसंश्लेषण. किड्याला अन्न, जिवाणूंना घर.

म्हणजे सूर्याची गरजच नाही?

अगदी तसं नाही. जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन वरूनच, प्रकाशसंश्लेषणातून आलेला असतो.

झरा बंद पडला तर?

हे झरे कायमचे नसतात. झरा आटला की किड्यांची वसाहत मरते. पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांच्यात जिवाणू नसतात. ते समुद्राच्या पाण्यातून त्वचेवाटे आत शिरतात. म्हणजे प्रत्येक पिढीला झराही नव्याने शोधावा लागतो आणि भागीदारही. कदाचित म्हणूनच घाई इतकी, की नळी वर्षाला ८५ सेंटिमीटरहून अधिक वाढू शकते.

भारताशी संबंध काय?

झऱ्यांभोवती तांबं, जस्त, सोनं, चांदी असलेले सल्फाइडचे साठे तयार होतात. हिंदी महासागरात त्यांचा शोध घेण्यासाठी भारताने २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी १५ वर्षांचा करार केला. या शोधात गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचा सहभाग आहे.

जायंट ट्यूबवर्म पूर्व प्रशांत महासागरातला. पण हिंदी महासागरातल्या झऱ्यांवर लोहयुक्त खवल्यांची एक गोगलगाय राहते. तिच्याही शरीरात अन्न पुरवणारे जिवाणू असतात. खाणकामाच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये तिची नोंद संकटग्रस्त प्रजातींच्या लाल यादीत झाली.

सध्या भारताला परवानगी आहे ती शोधाची, उत्खननाची नाही. उत्खननाची वेळ येईल तेव्हा धातूंच्या किमतीसोबत ही भागीदारीही हिशेबात धरावी लागेल. कारण झरा मोडला, तर या जीवांना दुसरं स्वयंपाकघर नाही.